डेव्हनचे अर्ल आणि डेव्हनशायरचे ड्यूक

डेव्हनशायरचे ड्यूक डेव्हनमध्ये राहत नाहीत. त्यांचा चॅट्सवर्थचा वाडा आहे उत्तरेला, डर्बीशायरमध्ये. डेव्हन परगणा इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला. तिथे, एक्सिटर शहराच्या खालच्या अंगाला, एक्स नदीच्या खाडीकाठी पाउडरहॅमची गढी आहे आणि ती डेव्हनच्या अर्लची. दोन्हींमध्ये सरळ रेषेत मोजले तरी जवळपास ३०० किलोमीटर भरतील. डेव्हन आणि डेव्हनशायर ही एकाच परगण्याची दोन नावे, त्यात ड्यूक हा वरचा किताब आणि अर्ल खालचा, त्यामुळे एकाच घराण्याची ही थोरली आणि धाकटी पाती असावीत असे कुणालाही वाटेल. पण घराणी वेगळी आहेत. ड्यूक कॅव्हेंडिश, अर्ल कोर्टनी.

जुने कोर्टनी. बाराव्या शतकात फ्रान्समधून आलेले हे सरदार १३३५ मध्ये डेव्हनचे अर्ल झाले. पुढे गुलाबांच्या युद्धांत, म्हणजे पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या लढायांत, त्यांची वाताहत झाली. १४६१ मध्ये टाउटनच्या लढाईनंतर यॉर्क शहरात एका अर्लचे डोके उडवले, तर १४७१ मध्ये ट्यूक्सबरीच्या रणात त्याचा भाऊ पडला. ट्यूडर राजांनी घराणे पुन्हा उभे केले. राजा चौथ्या एडवर्डची मुलगी कॅथरीन या घरात सून म्हणून आली आणि हेच राजरक्त अंगाशी आले. आठव्या हेन्रीने तिच्या मुलावर, म्हणजे स्वतःच्याच मावसभावावर, राजद्रोहाचा आरोप ठेवून १५३८ मध्ये त्याला मारवले. त्याचा मुलगा एडवर्ड तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा. त्याला लंडनच्या टॉवरमध्ये टाकले आणि पुढची पंधरा वर्षे तो तिथेच वाढला.

१५५३ मध्ये मेरी राणी गादीवर आली. तिने एडवर्डला सोडवले आणि डेव्हनचा अर्ल केले. त्या सनदेतली एक ओळ नीट वाचण्यासारखी आहे. अशा सनदांत किताब सहसा ‘त्याला आणि त्याच्या औरस पुरुष वारसांना’ दिलेला असतो. लॅटिनमध्ये त्यासाठी ‘देहापासून झालेले’ असे शब्द येतात. एडवर्डच्या सनदेत तेवढे शब्द नाहीत. नुसतेच ‘त्याला आणि त्याच्या पुरुष वारसांना’. आपल्याकडे वतनाच्या खटल्यांत औरस, दत्तक आणि भाऊबंद या शब्दांवर पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली, त्यामुळे त्या गाळलेल्या शब्दांचे वजन मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. एडवर्ड मात्र १५५६ मध्ये पादुआत, परदेशी, अविवाहित वारला. सनद कुणी बारकाईने वाचली नाही. किताब बुडाला असेच सगळ्यांनी धरले.

त्या रिकाम्या जागी कॅव्हेंडिश आले. मध्ये तीनच वर्षे, १६०३ ते १६०६, चार्ल्स ब्लंट डेव्हनशायरचा अर्ल होता. त्याच्यामागे किताब संपला. मग १६१८ मध्ये विल्यम कॅव्हेंडिशने तो मिळवला, त्यासाठी १०,००० पौंड मोजले असे सांगतात. जमीनजुमला बहुतेक डर्बीशायरमध्ये, पण डर्बीचा किताब आधीपासून स्टॅन्ली घराण्याकडे. ही इस्टेट मुळात त्याच्या आईने, हार्डविकच्या बेसने, जमवलेली. तिचा दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश हा राजाने खालसा केलेल्या मठांचे काम पाहणारा कारभारी. त्या दोघांनी १५४९ मध्ये चॅट्सवर्थ विकत घेतले. बेसची एकूण चार लग्ने झाली आणि दर लग्नागणिक तिची मालमत्ता वाढत गेली. कोर्टनींनी तलवारीवर जे मिळवले आणि गमावले, ते या बाईने खरेदीखतांवर मिळवून टिकवले. या घराण्याची खरी संस्थापक मी तिलाच मानतो.

१६८८ मध्ये हॉलंडच्या ऑरेंज घराण्यातल्या विल्यमला, जो पुढे इंग्लंडचा राजा झाला, इंग्लंडला बोलावणाऱ्या सात जणांत चौथा अर्ल होता. त्याचे बक्षीस म्हणून १६९४ मध्ये तो ड्यूक झाला. चौथा ड्यूक १७५६-५७ मध्ये पंतप्रधान. त्याच्या मुलीचा मुलगा म्हणजे १८२९ मध्ये सतीबंदी करणारा लॉर्ड विल्यम बेंटिंक. दुसऱ्या ड्यूकचा नातू हेन्री कॅव्हेंडिश, ज्याने हायड्रोजन वायू ओळखला आणि पृथ्वीची घनता मोजली. केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा सातव्या ड्यूकच्या पैशातून उभी राहिली. सहाव्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन. त्याने १८३० च्या दशकात चॅट्सवर्थच्या काचघरात एक बुटकी केळ वाढवून तिला घड आणला आणि तिला मालकाचे आडनाव दिले. जळगावचे शेतकरी लावतात ती बसराई आणि ग्रँड नैन याच कॅव्हेंडिश गटातली. बाजारातून आपण जी फणी घरी आणतो, ती बहुधा या ड्यूकच्या नावाची असते.

आणि मग १८३१ मध्ये ती जुनी सनद अखेर कुणीतरी वाचली. पाउडरहॅमचे कोर्टनी हे दुसऱ्या अर्लच्या धाकट्या मुलाचे वंशज, म्हणजे एडवर्डचे दूरचे चुलतभाऊबंद. सनदेत औरस शब्द नाही, तेव्हा भाऊबंदही वारस ठरतात, असा त्यांचा दावा हाउस ऑफ लॉर्ड्सने मान्य केला. २७५ वर्षांनी किताब घरी परत आला. तोवर कॅव्हेंडिश ड्यूक झालेले होते, म्हणून एका नावाचे दोन अर्ल समोरासमोर आले नाहीत. लिहिताना एवढाच संकेत उरला: कोर्टनींचे डेव्हन, कॅव्हेंडिशांचे डेव्हनशायर.

ब्रीदवाक्यांतही हा फरक दिसतो. कोर्टनींचे आहे, ‘कुठे पडलो? काय केले मी?’ कॅव्हेंडिशांचे, ‘सावध तो सुरक्षित’. दहाव्या ड्यूकने सावधपणेच १९४६ मध्ये इस्टेट ट्रस्टच्या नावे केली. वारसा कर टळायला त्यानंतर पाच वर्षे जगणे भाग होते. नोव्हेंबर १९५० मध्ये लाकडे फोडताना तो कोसळला. मुदत संपायला काही आठवडेच उरले होते. ८० टक्के कर लागला. होल्बाइन, रेम्ब्रांट अशांच्या कलाकृती गेल्या, जमिनी गेल्या, आणि बेसने उतारवयात बांधलेला हार्डविक हॉलही सरकारजमा होऊन १९५९ मध्ये जुन्या वास्तू जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेला. त्याच्या मनोऱ्यांच्या माथ्यावर आजही दगडात कोरलेली मोठी अक्षरे दिसतात, ई आणि एस. एलिझाबेथ, म्हणजे बेसच, श्रूजबरीची काउंटेस, तिच्या चौथ्या नवऱ्याच्या किताबाने.