प्लायवूड कापणे

प्लायवूडचा तक्ता बहुधा ८ × ४ फूट, म्हणजे २४४० × १२२० मिमी मापाचा असतो. १८ मिमी जाडीचा तक्ता सुमारे ३० ते ३५ किलो भरतो. एवढे धूड टेबल-करवतीवर एकट्याने सरळ ढकलणे अवघड असते. म्हणून घरगुती कामात तक्ता आडवा ठेवून त्यावरून हातातली गोल करवत, म्हणजे सर्क्युलर सॉ, चालवणे सोयीचे.

सर्वांत जास्त तक्रार असते ती कपच्या उडण्याची. वरचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो आणि दाता जिथून बाहेर पडतो तिथे तो उचकटतो. गोल करवतीचे दाते खालून वर कापत येतात, म्हणून दर्शनी बाजू खाली ठेवावी. टेबल-करवत आणि हातकरवत यांचे उलट आहे; तिथे दर्शनी बाजू वर. तक्त्याचे रेषे सहसा आठ फुटी बाजूने धावतात, त्यामुळे चार फुटी आडव्या कापात कपच्या अधिक निघतात. अशा कापाआधी रेघेवर धारदार कटरने पापुद्रा चिरून घ्यावा. १८५ मिमीच्या पात्याला ४० ते ६० कार्बाइड दाते असावेत. २४ दात्यांचे पाते लाकूड भराभर चिरते, पण कडा फाटक्या सोडते.

सरळ कापासाठी घरीच पट्टी बनवता येते. ६ मिमी प्लायच्या सुमारे ३०० मिमी रुंद फळीवर १२ मिमी प्लायची अरुंद पट्टी चिकटवावी. तिची टेकण्याची कड तक्त्याची मूळ कारखानी कड असावी. मग करवतीचा तळ त्या कडेला टेकवून खालची फळी एकदाच कापून टाकावी. उरलेली धार म्हणजे पात्याची नेमकी रेघ. ती खुणेवर ठेवून दोन्ही टोकांना क्लॅम्प लावले की झाले. पाते बदलले तर फळीची ही धार पुन्हा तपासावी, कारण सगळी पाती सारख्या जाडीची नसतात.

माप काढताना पाते किती लाकूड खाते तेही धरावे. १२२० मिमीचे तीन सारखे भाग हवेत आणि पाते २.५ मिमी खात असेल, तर दोन कापांत ५ मिमी जातात व प्रत्येक भाग ४०५ मिमीचा भरतो.

तक्ता दोनच टेकूंवर ठेवून मधोमध कापू नये. काप पुढे सरकताच तो मध्ये खचतो, फट मिटते, पाते चिमटते आणि करवत कापणाऱ्याच्या अंगावर उसळते. खाली जाड थर्माकोल अंथरावे किंवा कापाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन रिपा द्याव्यात. पाते तक्त्याखाली ५ मिमीच उतरवावे.

काप करपून काळा पडला तर पाते बोथट झाले आहे, त्यावर डिंक साचला आहे किंवा हात फार सावकाश चालला आहे.

मार्बल कटरला लाकडाचे पाते लावून प्लाय कापण्याचा प्रकार सर्रास दिसतो, पण तो टाळावाच. त्याला आपोआप मिटणारे खालचे झाकण नसते आणि फेरेही खूप जास्त असतात. चष्मा व मास्क घालावा, हातमोजे मात्र नकोत; ते पात्यात ओढले जातात.