पिल्लं एकमेकांना का टोचतात?

गिरिराज किंवा वनराजा या परसात पाळायच्या कोंबड्यांच्या जातींची पिल्लं घरी आणली की पहिले काही दिवस बरे जातात. मग एका सकाळी एखाद्या पिल्लाच्या शेपटीच्या बुडाशी रक्त दिसतं आणि बाकीची त्याच्यामागे लागलेली असतात.

कोंबडीचं जग चोचीनं चालतं. मोकळी पिल्लं जागेपणीचा बहुतेक वेळ माती उकरण्यात आणि टिपण्यात घालवतात. ब्रूडरमध्ये, म्हणजे दिव्यानं ऊब दिलेल्या पिल्लांच्या बंदिस्त जागेत, उकरायला काही नसलं, तरी टोचण्याची ऊर्मी शमत नाही. ती शेजारच्या पिल्लाच्या पिसांकडे वळते. 1921 साली नॉर्वेच्या थोर्लेफ शेल्डेरुप-एबे यांनी कोंबड्यांमधली टोचण्याची उतरंड मांडली. पण ती टोच वेगळी. मानपान ठरवताना डोक्यावर ठोसा बसतो आणि हरलेली बाजूला होते. पिसं उपटणं हे भांडण नसून भरकटलेला अन्नशोध असतो, म्हणून एखाद्या पिल्लाला ‘गुंड’ ठरवून हाकलल्यानं प्रश्न सुटत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात धोका वाढतो. नव्या फुटणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असतं. ते उपटलं की भळभळ सुरू होते, आणि लाल रंग कोंबडीला चटकन खुणावतो. एकानं टोचलं की दहा जण धावतात. अगदी लहान पिल्लं मात्र बोटं टोचतात. तेव्हा खाद्याची भांडी त्यांना सापडतायत का, हे आधी पाहावं.

जखमी पिल्लू त्याच क्षणी वेगळं काढा. स्वच्छ कापडानं काही मिनिटं दाबून धरलं की रक्त बहुधा थांबतं. मग उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं (लिटरला 9 ग्रॅम मीठ) जखम धुवा आणि पाणी घालून फिकट केलेलं पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक औषध) लावा. हायड्रोजन पेरॉक्साइड वारंवार लावू नका, नव्यानं भरणाऱ्या पेशीही त्यानं मरतात. माश्या बसू देऊ नका, एका दिवसात अळ्या पडू शकतात. जखम खोल असेल किंवा गुदद्वाराजवळ मांस बाहेर दिसत असेल, तर थेट पशुवैद्यकाकडे जा. वेगळ्या खोक्यातही ऊब हवीच. एकटं पिल्लू लवकर गारठतं. शक्य झाल्यास जाळीच्या आड ठेवा, म्हणजे कळपाला त्याचा विसर पडत नाही. खपली सुकून त्वचा झाकली गेली की संध्याकाळी, उजेड कमी असताना परत सोडा.

पण त्याच ब्रूडरमध्ये परत सोडलं तर पुन्हा तेच होणार. आधी उष्णता तपासा: पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी आहे. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकाडा, आणि उकाड्यात टोचाटोची वाढते. चार आठवड्यांपर्यंत प्रत्येकी निदान अर्धा चौरस फूट जागा द्या. रात्रंदिवस प्रखर पांढरा बल्ब जाळू नका. लाल बल्ब लावला तर सगळंच लालसर दिसतं आणि रक्त उठून दिसत नाही.

खाद्याचा मुद्दा आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहतो. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, त्यातही गंधकयुक्त अमिनो आम्लं भरपूर. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर आणि मक्याच्या भरड्यावर वाढणाऱ्या पिल्लाला मेथिओनिन हे असंच एक अमिनो आम्ल पुरत नाही. मिठाच्या कमतरतेनंही टोचणं वाढतं. म्हणून सुरुवातीला चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचं तयार खाद्यच द्या. लसूणघास किंवा मेथीची जुडी चोचीला पोचेल अशी टांगा, तुसात थोडे दाणे विखरा. चोचीला दिवसभर काम मिळतं.

मोठ्या फार्मवर चोचीचं टोक कापतात. त्यानं जखमा कमी होतात, कारण मात्र तसंच राहतं. शिवाय त्या टोकाला मज्जातंतू असतात, पिल्लाला दुखतं. परसातल्या वीस-पंचवीस पिल्लांसाठी त्याची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. इतक्या पिल्लांना जागा, ऊब आणि हिरवा चारा कुणालाही देता येतो.