गिलावा आरसा कधी होतो?

"घराला नवा रंग दिला आणि वायफाय गेलं," शेजारचे काका परवा सांगत आले. प्लॅस्टिक पेंटने लहरी अडवल्या, असा त्यांचा निष्कर्ष. जाऊन पाहिलं तर रंगकामात हलवलेलं लोखंडी कपाट थेट राउटरसमोर उभं! रंगाचा थर जेमतेम दशांश मिलिमीटर, आणि वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब. तिला रंगाचा पत्ताही लागत नाही. पत्र्याचा लागतो.

आखूड लहरींचं गणित मात्र वेगळं आहे. ६० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ५ मिलिमीटर. जगदीशचंद्र बोस कोलकात्यात १८९०च्या दशकात याच टापूतल्या लहरींवर प्रयोग करत होते. विटांच्या भिंतीतून या लहरी जवळजवळ जातच नाहीत. कोपऱ्याआड पोचायचं तर भिंतीवरून परावर्तन हवं, आणि ते गिलाव्याच्या पोतावर ठरतं.

गिलाव्यावरचा एक उंचवटा आणि शेजारचा खळगा घ्या. समोरून आलेली लहर दोन्हींवरून परतते, पण खळग्यात शिरलेल्या भागाला जाता-येता खळग्याच्या खोलीच्या दुप्पट अंतर जास्त पडतं. हे जास्तीचं अंतर तरंगलांबीच्या पाव हिश्श्याहून कमी असेल तर दोन्ही भाग बऱ्यापैकी तालात परततात आणि भिंत आरशासारखी वागते. त्याहून जास्त झालं की ताल सुटतो, ऊर्जा चहूकडे विखुरते. म्हणजे खळग्याच्या खोलीची मर्यादा तरंगलांबीचा आठवा हिस्सा. हा भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांचा निकष. २.४ गिगाहर्ट्झला ही मर्यादा दीड सेंटिमीटर. गवंड्याने कसाही थापलेला गिलावा चालतो. ६० गिगाहर्ट्झला ती ०.६ मिलिमीटर, वाळूच्या जाडसर कणाएवढी. पुट्टी मारलेली भिंत पास. खरखरीत, दाणेदार भिंतीचं काही सांगता येत नाही.

 

लहर तिरकी आली की मर्यादेला कोनाच्या कोसाइनने भागायचं, कोन भिंतीच्या लंबापासून मोजायचा. ६० अंशांना मर्यादा दुप्पट होते, भिंतीला घासून जाणाऱ्या लहरीला तर खडबडीत भिंतही गुळगुळीत. पटत नसेल तर कोरा कागद डोळ्यांच्या पातळीत आडवा धरा आणि त्याच्या कडेवरून उजेडाच्या खिडकीकडे बघा. एरवी निस्तेज दिसणारा कागद चकाकू लागतो.