फाशाविना पट: सीमाभागातल्या बैठ्या खेळांची पार्श्वभूमी

बुद्धिबळाची आवड असलेल्याला दुसरा खेळ सुचवण्याआधी एकच विचारावं: फासा चालेल का? पडलेल्या दानाला दोष देता येत नाही, हीच तर बुद्धिबळाची खोड आणि हीच त्याची गोडी. ज्यांना ही गोडी लागली त्यांच्यासाठी हल्ली परदेशी खेळांच्या याद्या फिरतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाने त्या जरूर वाचाव्यात. पण फाशाविना खेळायचे निदान तीन पट आपल्याकडे आधीपासून आहेत. मराठी घरात त्यांची नावं वेगळी, शेजारच्या कन्नड घरात वेगळी, एवढंच.

या मुलखातला लेखी पुरावा बाराव्या शतकापर्यंत मागे जातो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११३० मध्ये ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने करमणूक कशी करावी हे सांगताना त्यात बुद्धिबळ येतं, फासे येतात, कवड्याही येतात. घोड्याने चौसष्ट घरं एकेकदाच कशी फिरावीत, हे कोडंही त्यात सोडवलेलं आहे. जुन्या मराठीतल्या गीतांच्या काही ओळी याच ग्रंथात सापडतात, म्हणून मराठीचे अभ्यासक त्याच्याकडे वळतात. बेळगाव तेव्हा याच राज्यात होतं, त्यामुळे हा वारसा मराठी की कानडी यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पुढे सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी राजनीतीवरच्या ग्रंथात बुद्धिबळाला जागा दिली. हे घराणं मूळचं पैठणचं.

आपले आजे-पणजे जे बुद्धिबळ खेळत ते मात्र आजचं नव्हतं. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरके. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याची सवलत, नव्हता. त्याऐवजी राजाला आयुष्यात एकदा घोड्यासारखी उडी मिळे, तीही बहुतेक ठिकाणी शह बसायच्या आत. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की हवा तो मोहरा मागता येत नसे. ज्या मोहऱ्याच्या ओळीत ते पोचलं, तोच व्हायचं. त्यामुळे कोणतं प्यादं कोणत्या ओळीने न्यायचं, याचा हिशेब डावाच्या मध्यावरच सुरू होई. शिवाय सगळ्या मातींत मान प्यादेमातीचा. वजिराने मात केली तर बघे मान हलवीत, प्याद्याने केली तर डाव गावभर सांगितला जाई. हे नियम गावागणिक थोडे बदलत, आणि खेळ सुरू करण्याआधी ते ठरवून घेण्यातच बराच वेळ जाई, वादासकट.

युरोपीय पद्धत आली ती एका दिवसात नाही. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत, १८१४ मध्ये, एका दक्षिणी शास्त्रीबुवांचं बुद्धिबळावरचं पुस्तक मुंबईत इंग्रजीतून छापलं गेलं, आणि त्यातले डाव युरोपीय रीतीला जुळवून घेतलेले होते. खरा निकाल लागला स्पर्धांमुळे. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला, १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्यात रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. देशभर एकच नियम हवा म्हटल्यावर राजाची उडी गेली. सोय झाली, हे मान्य. पण एक चांगला वेगळा खेळ त्यात हरवला, असं मला वाटतं.

आपल्या भागात या बदलाचं केंद्र सांगली. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ उभारलं, आणि त्या शहराने पुढे पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू दिले. बेळगावला सांगली परकी नव्हती. शहराला चिकटलेलं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानातच होतं. मग १९५६ ची राज्य पुनर्रचना आली, आणि बेळगावचा खेळाडू कर्नाटकच्या (तेव्हाच्या म्हैसूर राज्याच्या) निवड स्पर्धांकडे वळला. सीमाप्रश्नाच्या चर्चेत हा मुद्दा कुणी काढत नाही, आणि काढावा एवढा मोठाही तो नाही.

आता ते तीन पट. पहिला वाघबकरी, कानडीत हुली-कुरी. देवळाच्या फरशीवर कोळशाने त्रिकोण काढायचा, त्यातून आडव्या रेघा ओढायच्या. रेघा मिळतात ते तेवीस बिंदू म्हणजे घरं. तीन वाघ, त्यांना मोठे खडे. पंधरा बकऱ्या, त्यांना चिंचोके. बकऱ्या एकेक करून मांडायच्या, आणि पंधराही मांडून होईपर्यंत एकीनेही हलायचं नाही. वाघ मात्र त्याआधीपासूनच मोकळा. बकरीच्या पलीकडचं घर रिकामं दिसलं की तो उडी मारून तिला खातो. म्हणून बकरीवाल्याने मांडतानाच पाठराखण करत जायचं, आणि शेवटी तिन्ही वाघांची कोंडी करायची. नवखा माणूस नेहमी वाघ मागतो. मुरलेला बकऱ्या घेतो. दोन्ही बाजूंचं सैन्य सारखं नाही, उद्दिष्टही सारखं नाही, आणि बुद्धिबळात न मिळणारी चव ती हीच. नेपाळातल्या याच जातीच्या खेळात चार वाघ आणि वीस बकऱ्या असतात.

दुसरी नवकंकरी, कानडी शेजाऱ्यांची सालुमने. एकात एक तीन चौकोन, चोवीस घरं, प्रत्येकी नऊ खडे. तीन खडे एका रेघेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. एकच खडा मागेपुढे करून दर चालीला तिघांची रांग जुळेल अशी बसकण साधली, की समोरचा संपला. किल्ल्यांवर, लेण्यांत, हंपीच्या दगडी फरशांवर असे पट कोरलेले दिसतात. संगणकाने १९९३ मध्ये दाखवून दिलं की दोघेही अचूक खेळले तर हा डाव बरोबरीत सुटतो. ओसरीवर बसलेल्या दोघांना त्याने काही फरक पडत नाही.

तिसरा अळगुळी मणे, चौदा खळग्यांची फळी आणि मूठभर चिंचोके किंवा गुंजा. हा मोजणीचा खेळ. ज्याला डोक्यात चार चाली पुढे मोजायची सवय आहे त्याने एकदा बसून पाहावा.

पचिसीचं मात्र उलटं झालं. कवड्यांचं दान वाचून सोंगटी अडवायची की पळवायची, हे डोकं तिच्यात लागतं. १८९६ मध्ये इंग्लंडात तिचा लुडो झाला तेव्हा कवड्यांच्या जागी एकच फासा आला आणि डाव मुलांपुरता सोपा झाला. आपण तो परत विकत घेतला.

परदेशी खेळांपैकी बुद्धिबळवाल्याने आधी चीनचा गो घ्यावा: १९ गुणिले १९ रेघा, ३६१ बिंदू, नियम दहा मिनिटांत कळतात. मग २००१ मध्ये आलेला हाइव्ह, ज्याला पटच लागत नाही. १९९५ चा कटान लोकप्रिय आहे, पण त्यात फासे आहेत, तेव्हा सुरुवातीचा प्रश्न विचारूनच पैसे घालवा. आणि पानं, म्हणजे पत्ते, चालत असतील तर आंबोली घाट उतरून सावंतवाडीला जावं. तिथल्या राजवाड्यात गंजिफा अजून हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफाच्या एका जोडात १२० गोल पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. पडलेलं एकेक पान लक्षात ठेवावं लागतं.