नाळ पडली, तरी बेंबी ओलीच

बाळाला आकडी येते, टाळू फुगते, स्कॅनमध्ये मेंदूत रक्त दिसतं. "कुठं पडलं होतं का?" पडलेलं नसतं. विचारायचं असतं ते वेगळंच: नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त येत राहिलं होतं का? रक्तातला घटक १३ जवळजवळ नसलेल्या सुमारे ८० टक्के बाळांत ते येतं, मेंदूतला रक्तस्राव सुमारे ३० टक्क्यांत. आजी बेंबीवर हळद दाबते, रक्त थांबतं, गोष्ट विसरली जाते.

हा घटक उशिरा सापडला, कारण तो रक्त गोठवत नाही. गोठलेली गुठळी पक्की करतो. गुठळीला युरियात विरघळू न देणारं काहीतरी रक्तद्रवात असतं, हे लाकी आणि लोरांड यांनी १९४८ मध्ये मांडलं. त्याचा अभाव १९६० मध्ये एका स्विस मुलात प्रथम नोंदला गेला. साधी चाचणी आजही तीच: गुठळी युरियाच्या द्रावणात ठेवायची, दुसऱ्या दिवशी नळी उजेडात धरायची. निरोगी गुठळी जागेवर, या बाळांची गायब. (युरिया तोच, आपण कपाशीला टाकतो तो.) पीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या मात्र नॉर्मल येतात आणि खरा घोळ इथंच होतो.

जगात २० लाखांत एखाद्याला होणारा हा आजार. पण मामाची पोरगी करायची रीत मराठवाड्यात जुनी आहे. नात्यातल्या लग्नात आईबाप दोघंही वाहक, म्हणजे स्वतःला आजार नसून दोष बाळगणारे, असण्याची शक्यता वाढते. तसे असले, तर दर गरोदरपणात २५ टक्के धोका, मुलगा असो की मुलगी. हिमोफिलिया हा रक्तस्रावाचा जास्त ठाऊक असलेला आजार बहुतेक मुलग्यांचा, त्यामुळे मुलीच्या बाबतीत शंका लवकर येत नाही.

१९५६ मध्ये औरंगाबादला घाटीचं मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा या आजाराची नोंदच नव्हती. सीटी स्कॅन तर लंडनमध्ये पहिल्यांदा झाला १९७१ ला. मधल्या काळात, १९६४ मध्ये, जुडिथ पूल यांना बर्फासारखा गोठवलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव, थंडीतच सावकाश वितळताना तळाशी राहणारा साका उपयोगी दिसला. तोच क्रायो. तो हिमोफिलियासाठी गाजला, पण त्यात घटक १३ सुद्धा असतो. रक्तात तो निम्मा व्हायला ९ ते १४ दिवस लागतात, म्हणून तीन-चार आठवड्यांतून एकदा दिला तरी मेंदूतला रक्तस्राव टाळता येतो. सातवा घटक काही तासांतच ओसरतो. तो कमी असलेल्या मुलांना इतकं सोपं नाही.

आजार ठाऊक असेल आणि डोक्यात रक्तस्रावाची शंका असेल, तर घटक आधी, स्कॅन नंतर. किनवटहून नांदेडकडं गाडी निघतानाच रक्तपेढीला फोन जायला हवा; क्रायोची पिशवी वितळायलाही वेळ लागतो.