मीटरला करंट दिसतो, गाडीला मिळत नाही

सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या अलीकडे एक गॅरेज आहे. पत्र्याची शेड आणि मे महिन्यातली दुपार, म्हणजे पाना उचलायचा तर आधी त्याला फडकं गुंडाळावं लागतं. तिथे माझ्या मेव्हण्याची अॅम्बेसेडर बॉनेट उघडून उभी होती. तिचं मूळचं १४८९ सीसीचं इंजिन बोअर करून करून थकलं होतं. म्हणून भंगारात निघालेल्या एका कॉन्टेसा गाडीचं १८१७ सीसीचं इसुझू इंजिन तिच्यात बसवलं. (आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवा इंजिन नंबर, हे सोपस्कार आधीच मार्गी लावले होते. एमएच-१३ च्या ऑफिसात गेलेले दिवस गॅरेजमधल्या दिवसांपेक्षा जास्त भरतील.)

इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसली, पेट्रोल पोचलं. पण दोन दिवस एकच रड चालली होती. सेल्फ मारला की इंजिन धरायचं, भर्रकन आवाज करायचं, आणि किल्ली सोडली की त्याच क्षणी गप्प.

"करंट येतंय की सर," चाचा म्हणाले. वायरिंगचं काम त्यांच्याकडे. त्यांनी किल्ली ऑन करून कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीजदाब वाढवणाऱ्या डब्याच्या, प्लसला मीटर लावून दाखवलं. १२.४ व्होल्ट.

मेव्हण्याने माझ्याकडे बघितलं. "दाजी, कॉलेजात फिजिक्स शिकवता ना? मग सांगा की आता."

गॅरेजच्या भाषेत 'करंट' या एका शब्दाला फार ओझं वाहावं लागतं. तारेत दाब असला तरी करंट, तारेतून प्रवाह वाहिला तरी करंट, आणि हाताला झटका बसला तरीही करंटच. चाचांचं मीटर दाखवत होतं तो दाब, म्हणजे व्होल्टेज. त्या दाबाने प्रवाह किती वाहू शकेल, हे मीटरला कुणी विचारलंच नव्हतं.

सोलापूरकराला हा फरक वेगळा समजवायला नको. तीन-चार दिवसांआड पाणी येतं, तेव्हा आपण तोटीच्या तोंडावर अंगठा दाबून बघतो. अंगठ्याला दाब जाणवतो. मग घागर लावली की बारीक धार, कारण मागे कुठेतरी पाइप गाळाने भरलेला असतो. अंगठा लावलेला असताना पाणी वाहतच नाही, त्यामुळे गाळाचा अडथळाही कळत नाही. डिजिटल मीटर म्हणजे असाच अंगठा. त्याचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो आणि १२ व्होल्टला तो जेमतेम एक मायक्रोअँपिअर ओढतो. वाटेत ३० ओहमचा सडका जोड असला, तरी एवढ्याशा प्रवाहाने त्या जोडावर पडणारा दाब व्होल्टच्या एक लाखाव्या भागाच्या घरातला. स्क्रीनवर तो दिसणार कसा?

आणि कॉइलला तर प्रवाहच लागतो.

इग्निशन कॉइल वरून दिसते काळ्या डब्यासारखी, आत लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, काही शे वेढ्यांचं; दुसरं केसाएवढ्या तारेचं, त्याच्या साधारण शंभरपट वेढ्यांचं. डिस्ट्रिब्युटर म्हणजे एकेका स्पार्क प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग. त्यातले पॉइंट, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर उघडमीट करणारी संपर्काची जोडी, मिटलेले असतात तेव्हा जाड वेटोळ्यातून चारेक अँपिअर वाहतात आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो आणि क्षेत्र कोसळतं. (चाचांनी मीटर लावलं तेव्हा पॉइंट उघडे असणार, नाहीतर १२.४ दिसलंच नसतं.) बदलतं चुंबकीय क्षेत्र तारेत वीजदाब निर्माण करतं, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं, आणि बदल जितका झटक्यात तितका दाब मोठा. म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीतून जाड वेटोळ्यात दोन-तीनशे आणि बारीक वेटोळ्यात वीस हजारांवर व्होल्ट उसळतात. लोकांना वाटतं ठिणगी पॉइंट मिटल्यावर पडते. पडते ती तुटताना. पॉइंटशेजारचा छोटा कंडेन्सर हे तुटणं स्वच्छ करतो. तो गेला तर पॉइंटवरच ठिणग्या उडतात आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही.

चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे सगळं सेकंदाला शंभर वेळा होतं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास बॅटरीवरचं हे इग्निशन मोटारीत आणलं. त्यानंतर साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच युक्तीवर धावल्या.

कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि जोडाचा घात इथेच होतो. सर्किटचा रोध ३ ओहम असताना १२ व्होल्टला ४ अँपिअर वाहतात. त्यात फक्त १ ओहमचा गंजका जोड आला की प्रवाह ३ वर येतो आणि ऊर्जा निम्म्याच्या जवळ घसरते. गाडी चालू होते, पण चढावर मिस मारते, आणि बिचाऱ्या कार्ब्युरेटरचे नट खोलले जातात. जोड ३० ओहमचा असेल तर मूळच्या ऊर्जेचा शंभरावा हिस्साही उरत नाही.

चाचांना म्हटलं, मीटर तिथेच राहू द्या, त्याच्याबरोबर ब्रेक लाइटचा बल्ब लावा. २१ वॉटचा हा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो; म्हणजे अंगठा काढून घागर लावल्यासारखं. बल्ब लागलाच नाही. मीटर १२.४ वरून धाडकन एक व्होल्टच्या खाली आलं. चाचांनी मीटरकडे बघितलं, बल्बकडे बघितलं आणि बल्बच खराब आहे असं म्हणून तो थेट बॅटरीला लावून बघितला. लख्ख पेटला. हे त्यांनी केलं ते बरोबरच केलं. तपासणीचं साधन आधी तपासावं.

आता प्रश्न उरला की सेल्फ मारताना इंजिन धरतंच कसं. त्याचं उत्तर किल्लीत आहे. इग्निशन स्विच म्हणजे चालू-बंदचं बटण नव्हे. त्याच्या मागून निघणाऱ्या तारा किल्लीच्या वेगवेगळ्या खाचांवर जिवंत होतात: काही रेडिओपुरत्या, काही ऑनवर, काही फक्त सेल्फच्या वेळी. सेल्फची मोटर दीडशे अँपिअरच्या आसपास ओढते, तेव्हा बॅटरी साडेनऊ-दहा व्होल्टपर्यंत खाली बसते. नेमकी तेव्हाच तर ठिणगी सर्वांत जास्त लागते. म्हणून बऱ्याच जुन्या गाड्यांत कॉइल मुद्दाम दीड ओहमची ठेवतात आणि चालू इंजिनासाठी तिच्या वाटेत दीड ओहमचा पांढरा चिनीमातीचा रेझिस्टर घालतात. सेल्फ मारताना दुसरी एक तार हा रेझिस्टर वगळून कॉइलला थेट वीज देते. किल्ली सोडली की ही वाट बंद, आणि रेझिस्टरवाली वाट काम सांभाळते.

आमच्या गाडीत आडवाट ठणठणीत होती. सडली होती ती रोजची वाट. रेझिस्टरपाशी काळ्या टेपचा जाडजूड गोळा होता. टेप सोडली तर आत दोन वायरी नुसत्या पिळलेल्या, हिरव्या पडलेल्या, आणि तारेचे एक-दोन केस धरून राहिलेले. वायरीच्या टोकाला नवीन थिंबल, म्हणजे जोडाची धातूची टोपी, दाबून बसवलं आणि किल्ली सोडल्यावरही इंजिन चालू राहिलं.

आदल्या दिवशी एका पोराने यावर सोपा उपाय काढला होता: बॅटरीपासून कॉइलला थेट वायर. गाडी चालूही झाली असती. पण दीड ओहमच्या कॉइलला १२.६ व्होल्ट थेट दिले, तर प्रवाह ८.४ अँपिअर आणि उष्णता १०६ वॉट. रेझिस्टर असताना कॉइलच्या वाट्याला येतात २६. शंभर वॉटचा बल्ब बंद डब्यात, तोही सोलापूरच्या मे महिन्यात! पॉइंट मिटलेले असताना किल्ली ऑन राहिली तर कॉइलमधलं तेल उकळून डबा फुगतो, आणि चालत्या गाडीत पॉइंट काही दिवसांत जळतात. इंजिन बदलताना कॉइल कुठल्या जातीची आहे हे मीटरच्या ओहमच्या खाचेवर मोजायला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट कुणी देत नाही.

रंगांचंही असंच. अॅम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, त्यामुळे तिची मूळ वायरिंग ब्रिटिश वळणाची: तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, काळी अर्थिंगची. जर्मन पद्धतीत तपकिरी म्हणजे अर्थिंग आणि काळी म्हणजे इग्निशनची जिवंत तार. एका वळणाची सवय झालेला हात दुसऱ्या वळणाच्या इंजिनावर गेला की फ्यूज उडतो तो असा. रंग बघून अंदाज बांधावा, जोड मात्र बल्ब लावून बघितल्यावरच करावा.

प्लगच्या बाबतीतही तीच गंमत. प्लग काढून, इंजिनाला टेकवून सेल्फ मारला आणि ठिणगी दिसली की "प्लगला करंट आहे" असा निकाल लागतो. उघड्या हवेत मिलिमीटरभर फट ओलांडायला तीनेक हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरच्या आत हवा-पेट्रोलचं मिश्रण सात-आठपट दाबलेलं असतं. दाटीमुळे मोकळ्या इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला जागा उरत नाही आणि तीच फट ओलांडायला दहा-पंधरा हजार व्होल्ट लागतात. म्हणजे बाहेर नाचणारी ठिणगी आत जाऊन मरू शकते. हवेतच बघायचं असेल तर सहा-सात मिलिमीटरची फट ठेवून बघावं, आणि प्लगची वायर हातात धरून नव्हे. पेट्रोलचा डबा त्या वेळी शेडबाहेर.

संध्याकाळी गाडी विजापूर रोडला एक चक्कर मारून आली. मेव्हणा खूश होता. फक्त सेल्फ जरा जड फिरतोय, असं म्हणाला. त्यावर सगळ्यांचं मत पडलं की नवं बसवलेलं इंजिन आहे, घट्ट असणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर डॅशबोर्डखालून रबर जळल्याचा वास. चोकच्या केबलला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं आणि रबरातून वीज जात नाही. बॅटरीची मायनस चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेली, सेल्फची मोटर इंजिनाला. सेल्फचे दीडशे अँपिअर परत जायला विणलेल्या तांब्याची पट्टी लागते, इंजिनापासून चासीपर्यंत. ती नसली तर वीज दुसरी वाट शोधते: चोकची केबल, क्लचची सळी, जे धातूचं लागेल ते. या वेळी चाचांनीच मीटर लावलं, एक टोक इंजिनाच्या ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या मायनसला, आणि पोराला सेल्फ मारायला सांगितलं. २.८ व्होल्ट. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. दीडशे अँपिअरला २.८ व्होल्ट म्हणजे ४२० वॉट, छोट्या शेगडीएवढी धग, आणि त्यातली बरीचशी बोटाएवढीही जाडी नसलेल्या केबलमध्ये.

पट्टी कुठे गेली ते पोराने शोधून काढलं. शेडच्या कोपऱ्यात उतरवून ठेवलेल्या जुन्या १४८९ च्या इंजिनाला ती अजून बोल्टने घट्ट लावलेली होती.