न झालेल्या भूकंपाची बातमी

२१ जून २०१७ रोजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने बातमी दिली: कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ ६.८ तीव्रतेचा भूकंप. जमीन मात्र जराही हलली नव्हती.

बातमी लिहिली होती ‘क्वेकबॉट’ या प्रोग्रॅमने. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची सूचना आली, की तीव्रता, ठिकाण आणि वेळ उचलून ठरलेल्या मजकुरात भरायची, एवढंच त्याचं काम. २०१४ मध्ये त्यानं खऱ्या भूकंपाची बातमी तीनेक मिनिटांत दिली, तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं होतं. या वेळी शास्त्रज्ञ १९२५च्या एका भूकंपाच्या केंद्राची नोंद दुरुस्त करत होते आणि त्यातून चुकून नवी सूचना बाहेर पडली. तिच्यावर तारीख होती २९ जून २०२५. आठ वर्षं पुढची! नवशिका उपसंपादकही तिथे अडखळला असता. प्रोग्रॅमच्या लेखी तारीख म्हणजे भरायचा आणखी एक रकाना.

तरीही अशा यंत्रांची चूक शोधणं सोपं असतं. बहुतेक वेळा आलेली माहिती चुकली, तरच ती चुकतात. ‘असोसिएटेड प्रेस’ने २०१४ पासून कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या याच पद्धतीने द्यायला सुरुवात केली. तिमाहीला सुमारे ३०० बातम्या व्हायच्या, त्या ३,०००च्या घरात गेल्या. त्या कंटाळवाण्या कामासाठी कुणी बातमीदार हळहळला असेल, असं मला वाटत नाही.

चॅटजीपीटीसारखी मॉडेल्स वेगळी. आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशेबावर ती वाक्य रचतात. त्यामुळे वाक्य सफाईदार येतं. ते खरं असेलच, याची हमी त्या हिशेबात कुठेच नसते. ‘सीनेट’ या संकेतस्थळाने यंत्राकडून लिहून घेतलेल्या ७७ लेखांपैकी ४१ लेखांत २०२३ मध्ये दुरुस्त्या कराव्या लागल्या. एका लेखात म्हटलं होतं, की १०,००० डॉलर ३ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाअखेरीस १०,३०० डॉलर कमाई होईल. कमाई ३०० डॉलरचीच. पण वाक्य इतकं सरळ, की नजर त्यावरून घसरून जाते. स्वतः लिहिलेलं तपासण्यापेक्षा असा मजकूर तपासणं जास्त थकवतं.

यंत्राचा खरा उपयोग लिहिण्याआधीच्या कामात होतो. मुलाखतींचं ध्वनिमुद्रण काही मिनिटांत शब्दबद्ध होतं. २०१६च्या ‘पनामा पेपर्स’मध्ये, म्हणजे पनामातल्या एका कायदेविषयक कंपनीच्या फुटलेल्या कागदपत्रांत, १ कोटी १५ लाख दस्तऐवज होते, त्यांतल्या स्कॅन केलेल्या पानांवरची अक्षरं सॉफ्टवेअरने ओळखली, म्हणून त्यांत नावं शोधता आली. सापडलेलं नाव आपल्याला हव्या त्याच माणसाचं, की नुसतं नावसाधर्म्य, हे ठरवायला मात्र पुन्हा कागदपत्रं, फोन, भेटीगाठी. जितकी नावं हाती लागली, तितकं ते काम वाढलं.